वहीची उजवी बाजू

आत्याच्या घरी वेळ बघायला घड्याळ लागत नसे. पहिली शिट्टी डाळीची, ती पहाटे साडेपाचला. दुसरी भाताची, सहाला. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की सहा वाजून दहा मिनिटं, कारण तेवढ्यात अण्णा, म्हणजे आत्याचे यजमान, शर्टाचं शेवटचं बटण लावत जिना उतरत असायचे. त्यानंतर दीड तास फक्त पोळ्यांचा आवाज. लाटण्याची टकटक, तव्यावर फडकं दाबल्याचा फुस्स, आणि मधूनच समोरच्या रिकाम्या प्लॉटवर सुरू झालेल्या काँक्रीट मिक्सरची घरघर. कर्वेनगरात तेव्हा दर दोन महिन्यांनी एक प्लॉट भरायचा. बारावीला बेताचे मार्क पडल्यावर वडिलांनी मला यवतमाळकडच्या आमच्या गावाहून आत्याकडे पाठवलं, ते या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्यातली एक माणसांची होती आणि एक डब्यांची.

आत्या बावीस डबे करायची. तिला पुण्यात येऊन वीस वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडात दोन भाषा होत्या. डबेवाल्यांशी ती 'अहो, आपला डबा तयार आहे, झाकण नीट लावा' असं बोलायची, आणि दार लोटलं की माझ्याकडे वळून, "काहून रे, आंघोळ झाली का तुही?" भाजीतही तसंच. बाहेर जाणाऱ्या वांग्यात गुळाचा खडा, घरच्या वांग्यात तिखटाचा रंग ताटाला लागून राहील असा. एकदा चुकून घरची भाजी डब्यात गेली. दुसऱ्या दिवशी कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ रिकामा डबा घेऊन स्वतः आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, कालची भाजी अविस्मरणीय होती. सकाळीसुद्धा आठवण येत होती." आत्याने तोंडावर पदर धरला आणि त्यांना आठवडाभर दुधीची भाजी दिली.

त्या काळात कोथरूडमध्ये किराणा दुकानांपेक्षा कॉम्प्युटरचे क्लास जास्त झाले असावेत. चप्पल बाहेर काढून आत जायचं, थंडगार खोलीत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवायची, आणि बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ. जो तो प्रोग्रॅमिंग शिकत होता. मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो, म्हणजे त्या गर्दीत मी कुठंच नव्हतो. म्हणून सकाळी कॉलेज आणि दुपारभर क्लास असं मी लावून घेतलं होतं. कॉलेजात नाव टिकलं की पुरे, आयुष्य क्लासातून घडणार, असा माझा हिशेब होता.

कॉलेजातच हिरवे सर भेटले. त्यांचं आडनाव वेगळं होतं. हिरव्या पेन्सिलीने लिहायचे म्हणून मुलं त्यांना हिरवे म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. पहिल्याच तासाला त्यांनी शंभर पानी वही आणायला सांगितली आणि प्रत्येक पानाला मधोमध उभी घडी घालायला लावली. "डावी बाजू तुमची, उजवी माझी," ते म्हणाले. "दर आठवड्याला एक प्रकरण हातात पेन्सिल घेऊन वाचायचं. पुस्तकाला काहीतरी विचारल्याशिवाय पान उलटायचं नाही. पटलं नाही तर तसं लिहा. तुमच्या घरात तसं घडत नसेल तर घरात काय घडतं ते लिहा. मी उजवीकडे उत्तर देईन."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मार्क?"

"वीस. वर्षाच्या शेवटी ज्याचे त्याने स्वतः लिहायचे. मी खाली सही करीन."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मार्कांची भीती घातली की मुलं मार्क वाचतात," ते म्हणाले. "तुम्ही पुस्तक वाचलेलं मला हवं आहे. चूक-बरोबर काही नाही. वही दर सोमवारी आली पाहिजे, एवढंच."

एवढी मोकळीक मला आयुष्यात कुणी दिली नव्हती, आणि तिचं काय करायचं ते मला पाच मिनिटांत सुचलं.

पुस्तक मी अप्पा बळवंत चौकातून जुनं घेतलं होतं, त्यामुळे त्यात रेघोट्या मारायला हरकत नव्हती. संध्याकाळची कणीक मळून झाली की आत्या अर्धा तास पाय पसरून बसायची. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, "आत्या, यात काय आहे तेवढं मला सांग ना. मी तोवर क्लासचं करतो." ती मॅट्रिकपर्यंत शिकली होती. पुढं शिकायचं होतं तर लग्न ठरलं, हे ती एरवी भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. तिने चष्मा लावला, डब्यांच्या खोलीत भिंतीला टेकली आणि ओठ हलवत वाचायला लागली. दोन पानांवर मान वर केली.

"हे काय लिवलं बावा? म्हणे कुटुंबाचे दोन प्रकार. एकत्र आन् विभक्त. मंग मी, तुहे अण्णा आन् तू, आपण कोनत्या खणात?"

"लिही ना समासात," मी म्हणालो.

तिने डब्यांवर नावं घालायची पेन्सिल उचलली.

तिथून ते सुरू झालं. दर आठवड्याला आत्या वाचायची, समासात बारीक अक्षरात विचारायची, आणि रविवारी मी तिचे प्रश्न शुद्ध करून वहीच्या डाव्या बाजूला उतरवायचो. शहरावरच्या प्रकरणात लिहिलं होतं की शहरातली माणसं शेजाऱ्याला ओळखत नाहीत. आत्याने समासात लिहिलं, 'बावीस घरांत कुणाला मीठ कमी लागतं, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची परीक्षा आहे, हे मला ठाऊक. मग मी शहरात राहत नाही का?' स्थलांतराच्या प्रकरणात कारणांची यादी होती, नोकरी, दुष्काळ, शिक्षण. तिथं तिने पेन्सिल इतकी दाबली होती की मागच्या पानावर अक्षरं उठली होती. 'मी लग्न होऊन आले. या यादीत मला कुठं धरलं?' मी तेवढं बदलून 'लग्न होऊन आलेली बाई या यादीत कुठे?' असं केलं.

सोमवारी वही दिली की गुरुवारी परत मिळायची. पहिल्या गुरुवारी मी ती कॉलेजच्या सायकल स्टँडवर उघडली. इतरांच्या उजव्या बाजूला दोन-तीन ओळी होत्या. माझी उजवी बाजू भरून खाली उतरली होती. 'दोनच खण आहेत हे मी पंधरा वर्षं शिकवतो आहे, आणि माझ्या स्वतःच्या घरात बायकोची मावशी राहते हे मला आज आठवलं. तिसरा खण तू काढ. त्याला काय नाव देशील?' पुढं स्थलांतराच्या प्रश्नाखाली तर त्यांनी लिहिलं, 'हे मी घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आम्हाला कुणी आलेलं समजतच नाही, आणलेलं समजतात. तुझ्या प्रश्नामुळे आमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाक उशिरा झाला.'

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्याचे प्रश्न आपले म्हणून दिले, ही चोरी होती, पण तिचं मला फारसं काही वाटलं नाही. पुढं जे केलं ते वेगळं. त्या पहिल्या गुरुवारी घरी गेल्यावर आत्याने हात पुसत विचारलं, "काय म्हणते तुहे सर?"

"काही नाही. बरोबरची खूण करतात."

"नुसतीच?"

"नुसतीच."

"मंग बरोबर असन," ती म्हणाली आणि माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढली. "अभ्यासाचं डोकं हाय, खाय."

कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तेव्हा मला वेळ नव्हता, वही दप्तरात राहून जायची. ते खोटं आहे. मला हेवा वाटला. उजव्या बाजूला एक हुशार माणूस मनापासून कुणाशी तरी बोलत होता आणि तो कुणीतरी मी नव्हतो. ती उत्तरं आत्याने वाचली असती तर तिला कळलं असतं की ती किती चांगली वाचते, आणि मग त्या घरात मी नुसता जेवणारा उरलो असतो. दर गुरुवारी मी सायकल स्टँडवर उजवी बाजू वाचायचो, वही मिटायचो, आणि घरी जाऊन 'खूण केली' म्हणायचो. आत्याने दुसऱ्याच्या दप्तराला कधी हात लावला नाही, त्यामुळे माझं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग हळूहळू समास रिकामे होऊ लागले. एका पानावर तीन प्रश्न असायचे, तिथं एका प्रकरणात एक. धर्मावरच्या प्रकरणाला तिने नुसती एक रेघ मारली. मी विचारलं, "झालं एवढंच?" ती कोथिंबीर निवडत होती. कोथिंबिरीला ती अजूनही सांबारच म्हणते. "कायले इचारायचं उगीच," ती म्हणाली. "त्यायले बी कुठं वेळ असते. येड्यासारखं आपलंच चाललं व्हतं." आणि पुस्तक पुसून, दुमडलेले कोपरे सरळ करून तिने माझ्या हातात दिलं.

शेवटच्या दोन प्रकरणांना डावी बाजू मी भरली. म्हणजे वाचून नव्हे, चाळून. सरांनी उजवीकडे एकच ओळ लिहिली होती. 'हा प्रश्न प्रकरणाच्या शेवटी स्वाध्यायात छापलेला आहे. दुसराही.'

वर्ष संपताना सर एकेकाला स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर बोलवायचे. वही मध्ये ठेवायची, दहा मिनिटं गप्पा मारायच्या आणि मार्क लिहायचे. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी दुसरा माझ्याकडे सरकवला.

"काय रे, शेवटी शेवटी ताप आला होता का?"

"नाही सर."

"मग प्रश्न आजारी पडले असतील." त्यांनी वही मागे उलटली आणि स्थलांतराच्या पानावर थांबले. "हा माझा आवडता. मला सांग, ही लग्न होऊन आलेली बाई परत जायचं म्हणते का कधी?"

मला खरंच माहीत नव्हतं. तीन वेळा जेवायला वाढणाऱ्या बाईला मी हे कधी विचारलं नव्हतं. आणि क्लासात शिकवणाऱ्याला उत्तर आलं नाही की तो जे म्हणायचा तेच माझ्या तोंडून निघून गेलं. "सर, विचारून सांगतो."

कप ओठांपाशी थांबला. "कोणाला विचारून?"

मी माझा कप उचलला आणि परत खाली ठेवला.

"अरे, प्रश्न तुझा. मग कोणाला विचारून?"

"आत्याला," मी म्हणालो, आणि मग सगळं बाहेर आलं. कणीक, भिंत, डब्यांची पेन्सिल, बावीस घरं. मी खाली बघून सांगत होतो आणि वरून काही आवाज येईना म्हणून मान वर केली, तर सर हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, एकोणीस वर्षांच्या मुलाला मिठाचं एवढं कसं कळतं." मग ते एकदम पुढं वाकले. एखाद्याला पत्राची वाट बघताना पाहिलंत तर तो चेहरा कळेल. "आणि माझी उत्तरं? त्यांनी वाचली?"

मला अजून तो बाक दिसतो. तिथं मी खरं बोललो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

"हो सर."

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या."

"बरं. एवढंच?"

"एवढंच."

ते मागे टेकले. "हं," म्हणाले आणि चहा संपवला. म्हणजे तिकडे मी सांगितलं, सर नुसती खूण करतात, आणि इकडे सांगितलं, आत्या नुसतं बरं म्हणते. वर्षभर दोन माणसं एकमेकांशी इतकं बोलली आणि दोघांनाही वाटलं की पलीकडे कुणी नाही. मध्ये मी उभा होतो. त्या घडीवर.

तरीही त्यांनी पेन्सिल काढली आणि शहराच्या प्रश्नापुढं, उजव्या बाजूला, आधीच्या उत्तराखाली आणखी चार ओळी लिहिल्या. मग वही माझ्याकडे फिरवली. "लिही मार्क."

मी पंधरा लिहिले.

"पंधरा का?"

"पाच कॉपीचे कमी केले, सर."

"हिशेब चुकलाय," ते म्हणाले, "पण मार्क तुझे आहेत." आणि खाली सही केली.

त्यानंतर माझं बरं झालं. क्लासने खरंच नोकरी दिली. हिंजवडी, मग चार वर्षं परदेश, मग पुन्हा पुणे. पाच घरं बदलली आणि प्रत्येक वेळी खोकी भरताना ती वही मी कपड्यांच्या बॅगेत, स्वतःच्या हाताने ठेवली. विसरलो असतो तर बरं झालं असतं. दर दिवाळीला आत्याकडे फराळाला जाताना वाटायचं, आज न्यावी. मग वाटायचं, आता काय सांगणार. अण्णा गेले. आत्याचे गुडघे गेले, डबे बंद झाले. ती अजून कर्वेनगरातच आहे. समोरचे सगळे प्लॉट भरून आता तिच्या खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

यंदा उन्हाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली. पहिल्याच आठवड्यात तिने फोन केला. "येऊन काहीतरी वाचून दाखव रे बावा. पेपर नको, पेपरात काई नसते." मी शनिवारी दुपारी गेलो. वही घेऊन गेलो. काळा चष्मा लावून ती त्याच भिंतीला टेकून बसली होती, फक्त आता खाली गादी होती. मी डावी बाजू वाचली आणि मग उजवी.

तिसऱ्या प्रश्नाला तिने हात वर केला. "थांब. हे म्या इचारलं व्हतं."

"हो."

"आन् हे कोन बोलून रायलं?"

"सर."

"तू तं म्हने, नुसती खूण करते."

"खोटं सांगितलं होतं, आत्या."

काळ्या चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"आन् मी तुले एक पोळी जास्तीची वाढत व्हती," ती म्हणाली. मग हात हलवला. "वाच पुढं."

मी दोन तास वाचलं, आणि मध्येच बाकावरचं ते 'बरं म्हणाल्या'ही सांगून टाकलं. ती मध्येच हसायची, मध्येच 'बराबर हाय' म्हणायची. सरांच्या आईचं वाचलं तेव्हा तिने ते परत वाचायला लावलं, 'आणलेलं समजतात' इथपर्यंत. शेवटच्या पानावर तिने विचारलं, "किती देल्ले तू सोताले?"

"पंधरा."

"त्यातले माहे किती?"

"सगळे."

"मंग खाली माहं नाव घाल. सही हायच त्यायची." आणि मी तसं करत असताना म्हणाली, "ते शेहराचं पुन्हा वाच. शेवटच्या चार ओळी."

मी वाचल्या. 'आत्याबाई, माझी शंका अशी. ही ओळख तुमची आहे की डब्याची? डबे बंद होतील तेव्हाच हे कळेल. तेव्हा काय आढळलं ते मला जरूर कळवा. मी वाट बघेन.'

आत्या ताठ बसली. "डबे बंद होऊन नऊ वर्सं झाली," ती म्हणाली. "ऑपरेशनले मले रिक्षात कोनं नेलं? आठ नंबरच्या डब्याचा पोरगा. आता त्याले पोरगी हाय. दुधीवाल्या बुढ्याची सून अजून लोणच्याले मीठ किती घालू इचारते. चुकले सर. लिही."

"काय लिहू?"

"हेच लिही. जसं बोलते तसं लिही, तुह्या पुस्तकी भाषेत नको करू. कुठं असते ते आता?"

लोणी काळभोरला, मुलीकडे, असं मी ऐकून होतो. चौकशी मी मागेच केली होती. जायचं तेवढं राहिलं होतं.

"उद्या रविवार हाय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ती गुडघ्यांना शिव्या देत, काळा चष्मा घालूनच ओट्याशी उभी होती. जुन्या डब्यांपैकी एक घासून ठेवला होता. आत वांगी होती, ताटाला रंग लागेल अशी, घरची. मी गूळ घातलास का विचारलं, तर म्हणाली, "एवढी वाट पाह्यली मानसानं, त्याले काय दुधी देऊ?" डबा तिने फडक्यात बांधला, माझ्या एका हातात दिला, आणि वही दुसऱ्या हातात.

"पहिले वही दे," ती म्हणाली. "अन् उभा राहून वाचून घे त्यायच्याकून. डबा मंग. नाही तं डबा खाऊन सांगशीन मले, बरं म्हनाले म्हणून."